दूधगाडीचा जखडलेला डिफरन्शियल : दुरुस्ती व दक्षता

भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे पुणे जिल्ह्यातील डोंगराळ, भाताचे तालुके होत. खाचरे ओढ्यानाल्यांच्या काठी, वस्त्या डोंगराच्या उतारावर आणि डांबरी रस्ता खाली, अशी येथील अनेक गावांची ठेवण आहे. त्यामुळे दुधाचे कॅन, शेणखत, तरवा अथवा भाताची पोती वाहणाऱ्या लहान ट्रकला पावसाळ्यात रोजच पाणंदीचा चिखल तुडवावा लागतो.

अशा वाटेवर मागचे एक चाक चिखलात रुतले म्हणजे ते जागच्या जागी गरगर फिरते; घट्ट जमिनीवरचे दुसरे चाक मात्र स्वस्थ उभे राहते. दूध वेळेवर पोहोचले नाही तर नासण्याची धास्ती असते. मग कोणी तरी सल्ला देतो की, डिफरन्शियलमधील दातेरी चाके वेल्डिंगने एकमेकांस जोडून टाकावी, म्हणजे दोन्ही चाके एकदम ओढतील. खर्च थोडा आणि काम झटपट, म्हणून हा सल्ला पटतो. चिखलातून गाडी निघते, हेही खरे. परंतु तीच गाडी बारा महिने नसरापूर वा भोरच्या रस्त्यावर धावत असेल, पाबे अथवा वरंधा घाट उतरत असेल, तर चार महिन्यांच्या सोयीसाठी वर्षभराचा धोका पत्करल्यासारखे होते.

डिफरन्शियलचे कार्य

बैलजोडी बांधाच्या कडेला वळविताना आतला बैल थबकतो आणि बाहेरचा लांब पावले टाकतो. बैलगाडीची दोन्ही चाके आपापल्या परीने फिरतात, म्हणून ती सहज वळते. मोटारगाडीत मात्र इंजिनची शक्ती दोन्ही मागच्या चाकांना द्यावयाची असते आणि तरीही वळणावर त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू द्यावयाचे असते. ही अडचण दूर करणाऱ्या यंत्रणेचे पेटंट फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ साली घेतले.

पिनियन क्राउन चाकास फिरविते. क्राउनला जोडलेल्या पेटीत लहान स्टार पिनियन आणि दोन सन गिअर असतात. प्रत्येक सन गिअरमधून एक अॅक्सल शाफ्ट चाकापर्यंत जातो. सरळ रस्त्यावर ही सर्व मंडळी एकत्र फिरतात. वळणावर स्टार पिनियन स्वतःभोवती फिरून एका चाकाची गती कमी व दुसऱ्याची तितकीच अधिक करतात. ही रचना दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. घसरणाऱ्या चाकाला फिरावयास जोर थोडा लागतो, म्हणून दुसऱ्या चाकाच्या वाट्यासही तेवढाच थोडा येतो. चिखलात गाडी अडण्याचे कारण हेच होय.

जखडल्याचे परिणाम

दोन मागच्या चाकांमध्ये १.४ मीटर अंतर असलेली गाडी घाटातील पूर्ण उलट्या वळणावर फिरली, की बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे ४.४ मीटर अधिक चालते. वळण लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. असा दहा वळणांचा घाट असेल, तर एका खेपेत सुमारे ४४ मीटरचा फरक पडतो. डिफरन्शियल जखडलेला असेल, तर एवढे अंतर टायरला रस्त्यावर घासतच काढावे लागते. टायर लवकर झिजतात, इंधन वाया जाते आणि पीळ बसून अॅक्सल शाफ्ट तुटण्याचा संभव वाढतो.

याहून मोठा धोका जीविताचा आहे. जखडलेली मागची चाके गाडीला सरळ रेटतात. चालकाने सुकाणू वळविले तरी पुढची चाके ओल्या डांबरावर पुरेशी वळत नाहीत. वळणावर जोर दिल्यास दोन्ही मागची चाके एकदम घसरतात आणि गाडीचा मागचा भाग बाजूला फेकला जातो. एरवी एक चाक घसरले तरी दुसरे गाडीस धरून ठेवते. तो आधारच येथे नाहीसा होतो. एका बाजूस कडा व दुसऱ्या बाजूस दरी असलेल्या रस्त्यावर याचा अर्थ काय, हे सांगावयास नको.

परीक्षा कशी करावी

जुनी गाडी विकत घेताना ही परीक्षा अवश्य करावी. गाडी सपाट, कठीण जागी उभी करून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी. मागची दोन्ही चाके उचलून अॅक्सल भक्कम स्टँडवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाकावी आणि हातब्रेक सोडावा. मग एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक उलट दिशेने फिरले, तर डिफरन्शियल मोकळा आहे. चाक थोडे हलून अडले आणि दुसरेही फिरेना, तर तो जखडलेला समजावा.

दुरुस्तीचा मार्ग

वेल्डिंग घासून काढले म्हणजे काम झाले, असा समज चुकीचा आहे. या दात्यांचा पृष्ठभाग उष्णतेची खास प्रक्रिया देऊन कठीण केलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने तो मऊ पडतो अथवा त्यास तडे जातात. म्हणून जोडलेले स्टार पिनियन व सन गिअर पुन्हा वापरू नयेत. पेटीवर वेल्डिंग झाले असेल वा ती वाकली असेल, तर पेटीही बदलावी. त्याच गाडीची चांगल्या स्थितीतील पूर्ण पेटी मिळाल्यास ती बसविणे बहुधा सोयीचे ठरते.

काम जाणत्या कारागिराकडून करवावे. मात्र मालकाने पुढील गोष्टींवर लक्ष ठेवावे :

१. तेल काढून त्यात धातूचा कीस किती आहे, ते पाहावे. हौसिंग आतून पूर्णपणे धुवावे. वेल्डिंगचा एखादा कण राहिला, तरी नव्या बेअरिंगचा नाश होतो.

२. बेअरिंगच्या टोप्या काढण्यापूर्वी डावी-उजवी अशी खूण करावी. त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये.

३. क्राउन व पिनियन ही जोडीने बनविलेली असतात. ती निर्दोष असल्यास नव्या पेटीवर जोडीनेच चढवावी. खराब असल्यास जोडीनेच बदलावी.

४. अॅक्सल शाफ्टच्या खाचा पिळल्या आहेत काय, तडे गेले आहेत काय, हे तपासावे. वॉशर व तेलसील नवे घालावे.

५. क्राउन-पिनियनमधील मोकळीक, बेअरिंगचा ताण व बोल्टचा आवळ कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे मोजून ठेवावा. दात्यांना रंग लावून ते मध्यभागी भिडतात ना, हे पाहावे.

६. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच गिअर तेल भरावे आणि हौसिंगची हवानळी मोकळी करावी. ती तुंबल्यास तेल सीलमधून ब्रेकवर येते.

यानंतर वरील परीक्षा पुन्हा करावी. प्रथम रिकामी गाडी सपाट रस्त्यावर दोन्ही बाजूंस वळवून पाहावी. आवाज, गळती वा अति उष्णता नसल्यासच माल भरून घाटात न्यावी.

मग चिखलाचे काय ?

मूळ अडचण वाटेची आहे, तेव्हा उपायही वाटेपासून सुरू करावा. पाणंदीच्या कडेने चर काढून पाणी बाहेर घालवावे व खोलगट जागी दगड-मुरूम भरावा. पावसाळ्यात पुरेशा नक्षीचे टायर वापरावेत. रुतलेले चाक अधिक फिरवू नये. त्यापुढे फळी अथवा जाड गोणपाट टाकावे. अतिशय वाईट टप्प्यात दुधाचे कॅन ट्रॅक्टरने खालच्या रस्त्यापर्यंत आणावेत.

अनेक ट्रॅक्टरना डिफरन्शियल तात्पुरता जखडण्याची कळ असते. चाक फिरून फिरून खोल जाण्याआधी वेग कमी करून ती दाबावी, सरळ जाऊन बाहेर पडावे आणि वळण्यापूर्वी ती सुटली आहे, याची खात्री करावी. कळ व वेल्डिंग यांतील भेद हाच की, कळ सोडता येते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृग लागण्यापूर्वी गावातील मालवाहू गाड्यांची अशी तपासणी घडवून आणावी. पाणंद दुरुस्तीचे काम गावाने मिळून केले, तर गाडी जखडण्याचा मोह कोणास होणार नाही. दूध एखादे दिवशी नासले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धार काढता येते. घाटात गेलेला माणूस परत येत नाही.