माळव्यातील उन्हाळ्याची रात्र

बनारसची सकाळ, अवधची सायंकाळ आणि माळव्याची रात्र, असे एक जुने वचन उत्तर हिंदुस्थानात रूढ आहे. त्यातील शेवटच्या पदाचा अर्थ इंदूर-देवासकडील मराठी घरांना वैशाख लागून गच्चीवर अंथरुणे पडू लागली म्हणजे उमगतो. दिवसा पारा चाळिशीला टेकतो. परंतु उत्तररात्री पायथ्याशी ठेवलेली चादर नकळत अंगावर ओढली जाते.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. या उंचीचा वाटा थोडाबहुत असेल. पण खरे श्रेय कोरड्या हवेचे. दिवसभर तापलेली भूमी रात्री आपली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडीत असते. हवेत बाष्प व ढग असले, तर ते या किरणांचा बराच भाग शोषून पुन्हा खाली परतवितात. पावसाळ्यापूर्वीच्या माळव्यात हे पांघरूण विरळ असते. म्हणून मे महिन्यात इंदूरच्या दुपारीत आणि पहाटेत सरासरी पंधरा अंशांचे अंतर पडते. पणजीस ते सहा-सात अंशांचेच असते. गोमंतकातील पाहुण्यास माळव्यातील दुपार सोसवत नाही, आणि पहाटे उठवत नाही!

सायंकाळी गच्चीवर पाणी शिंपडण्याची चाल याच कोरडेपणावर आधारलेली आहे. बर्फासारखे थंड पाणी उकळीस आणण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या पाचपटींहून अधिक उष्णता त्याच पाण्याची वाफ होताना खर्ची पडते, आणि ती तापल्या फरशीतूनच घेतली जाते. माठातील पाणी गार होते ते याच न्यायाने. वाळ्याच्या पडद्यांचेही तेच. दमट किनाऱ्यावर हे उपाय लंगडे पडतात.

या हवेचे ऋण संगीतावरही आहे. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाने आजारी पडले, तेव्हा कोरड्या हवेसाठी १९४८ च्या सुमारास देवासला येऊन राहिले. काही वर्षे गाणे वर्ज्य होते. गवयाला याहून कठोर शिक्षा कोणती? तथापि त्या सक्तीच्या विश्रांतीत माळवी स्त्रियांची लोकगीते त्यांच्या कानी पडत राहिली. त्या धुनांतून त्यांनी पुढे नवे राग उभे केले, आणि ‘गीत वसंत’ यांसारखे ऋतूंवरील कार्यक्रमही बांधले. विश्रांती म्हणजे रिकामपण, असे मानणाऱ्यांनी देवासची ती वर्षे अवश्य आठवावीत.

आज मात्र या रात्रीचा उपभोग घेणारे कमी होत आहेत. सिमेंटच्या भिंती आणि डांबरी रस्ते दिवसाची उष्णता साठवून रात्री उशिरापर्यंत सोडीत राहतात. त्यामुळे दाट वस्तीत गारवा उशिरा उतरतो. अनेक इमारतींत गच्चीच्या दारास कुलूप असते. कूलरच्या घरघरीत बंद खोलीत निजणाऱ्यास डोईवरून सरकणारे सप्तर्षी कसे दिसावेत? ज्यांच्यापाशी अद्याप मोकळी गच्ची वा अंगण आहे, त्यांनी चैत्र-वैशाखाच्या रात्री दवडू नयेत. ज्येष्ठात नैर्ऋत्येकडून दमट वारे येऊ लागले, आकाश झाकोळले, की रात्रीही उकाडा होतो, आणि पहिल्या वळिवाला अंथरुणे गुंडाळून खाली धावावे लागते.