अखंड वाचणारे यंत्र

मनुष्य काल जे वाचतो त्याच्या आधारे आज अधिक वाचू शकतो. ज्ञानार्जनाचा हा वर्धिष्णू क्रम यंत्राच्या ठायी उत्पन्न करता येईल काय, या प्रश्नाचा निकाल प्रत्यक्ष प्रयोगाने लावावा, अशा हेतूने पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठातील प्राध्यापक टॉम मिचेल व त्यांचे सहकारी यांनी जानेवारी २०१० मध्ये ‘नेल’ नामक यंत्रणेस अहोरात्र वाचनास बसविले.

प्रारंभीचे भांडवल अल्पच होते. शहर, वनस्पती, क्रीडासंघ अशा शंभरांहून अधिक वर्गांची नावे, प्रत्येकाचे दहा-पंधरा दाखले, आणि वाचावयास आंतरजालावरील सुमारे ५० कोटी पृष्ठे. ‘अमुक शहराचे महापौर’ ही धाटणी ओळखीच्या शहरांबाबत वारंवार आढळली, की त्याच जागी येणारी अपरिचित नावेही शहरांचीच असावीत असे अनुमान हे यंत्र करी, आणि त्या नव्या नावांच्या साह्याने पुन्हा नव्या धाटण्या शोधी.

परंतु एक खोटी नोंद दप्तरी दाखल झाली, की तीच पुढील खोट्या नोंदींची साक्षीदार होते. संकेतस्थळे वाचकाच्या संगणकात ज्या बारीक नोंदी ठेवून जातात त्यांना इंग्रजीत ‘कुकीज’ म्हणतात. नेलने त्यांची गणना भट्टीत भाजलेल्या खाद्यपदार्थांत केली, आणि ‘मी इंटरनेट कुकीज पुसून टाकल्या’ अशा वाक्यांवरून जे जे पुसले जाते ते ते खाद्य असा समज करून घेऊन संगणकातील फायलींनाही त्याच यादीत घातले!

अशा भ्रमास आळा घालण्यासाठी मिचेल यांनी जी योजना केली ती मला या साऱ्या उद्योगातील सर्वांत मौलिक गोष्ट वाटते. एकच विषय शिकविणे सोपे आणि शंभर एकदम शिकविणे दुर्घट, असे वरकरणी भासते. येथे मात्र अनेक विषय एकत्र शिकविल्यानेच ते एकमेकांची शहानिशा करू लागले. जे शहर ते व्यक्ती नव्हे. कोणी अमुक संघाकडून खेळतो असे म्हणताच पहिले नाव खेळाडूचे व दुसरे संघाचेच असले पाहिजे. शिवाय वाक्यांची धाटणी पाहणारा, याद्या व कोष्टके चाळणारा आणि नावांची अक्षरघटना तपासणारा, असे यंत्रणेचे भाग आपापली जबानी स्वतंत्रपणे देत, आणि एकाची खात्री दांडगी असेल वा अनेकांच्या जबान्या जुळतील तरच नोंद कायम होई.

पहिल्या ६७ दिवसांत २,४२,००० हून अधिक नोंदी जमल्या. त्यांपैकी अदमासे ७४ टक्के खऱ्या होत्या. मात्र जूनच्या सुमारास सुमारे चतुर्थांश वर्ग फार मागे पडल्याचे ध्यानात आल्यावर संशोधक दर पंधरवड्यास प्रत्येक वर्गावर पाचेक मिनिटे नजर फिरवून ढळढळीत चुका दुरुस्त करू लागले. पुढे नोंदींची संख्या १२ कोटींवर गेली, आणि प्रत्येकीपुढे तिच्या खात्रीचे प्रमाण लिहिलेले असे. इतक्या मोठ्या दप्तरास माणसाची एवढीशी देखरेख पुरावी, याचे मला अधिक अप्रूप वाटते.