प्रत्यावर्ती प्रवाहातील संरोध व फेजर : नाशिक जिल्ह्यातील कृषिपंपांच्या संदर्भात

प्रस्तावना :
नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांना व कांद्याच्या शेतांना पाणी देणारे विद्युत पंप, तसेच सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींतील बहुसंख्य यंत्रे इंडक्शन मोटारीवर चालतात. ही मोटार तारेतून जेवढा प्रवाह घेते, तेवढा सर्व प्रत्यक्ष कामी येत नाही. याचे कारण संरोध व फेजर या संकल्पनांतून स्पष्ट होते.

संरोध :
एकदिश प्रवाहाच्या स्थिर अवस्थेत केवळ रोध विचारात घ्यावा लागतो. भारतात मात्र प्रत्यावर्ती दाबाची सेकंदाला ५० आवर्तने होतात. मोटारीच्या वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र प्रवाहाच्या प्रत्येक बदलास विरोध करते व प्रवाह दाबाच्या मागे राहतो. या विरोधास रिॲक्टन्स म्हणतात. रोध व रिॲक्टन्स यांचा एकत्रित परिणाम म्हणजे संरोध, अर्थात इंपिडन्स. ही संज्ञा ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८६ मध्ये रूढ केली.

फेजर :
दाब व प्रवाह यांतील कालांतर कोनाच्या रूपाने दाखविणारा बाण म्हणजे फेजर. एका आवर्तनाचे २० मिलिसेकंद म्हणजे ३६० अंश. १८९३ मध्ये चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी संमिश्र संख्यांच्या साहाय्याने ही आकडेमोड सुलभ केली.

उदाहरणादाखल एका फेजपुरता विचार करू. रोध ८ ओहम व रिॲक्टन्स ६ ओहम असल्यास त्यांची साधी बेरीज १४ होते. परंतु हे दोन बाण परस्परांशी काटकोनात असल्याने पायथागोरसच्या सिद्धान्तानुसार संरोध १० ओहम येतो. २३० व्होल्ट दाबास प्रवाह २३ अँपिअर होतो व तो दाबाच्या सुमारे ३७ अंश, म्हणजे जवळपास २ मिलिसेकंद, मागे राहतो. या कोनाची कोज्या ०.८ हाच पॉवर फॅक्टर होय. तारेवर ५,२९० व्होल्ट-अँपिअरचा भार पडतो. उपयुक्त शक्ती मात्र ४,२३२ वॅट असते.

कपॅसिटरचे कार्य :
कपॅसिटरमधील प्रवाह दाबाच्या ९० अंश पुढे असतो. वरील मंडलास समांतर सुमारे १९१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडल्यास मागे राहणारा घटक रद्द होऊन तारेतील प्रवाह १८.४ अँपिअरवर येतो. तारेतील उष्णताव्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तो ३६ टक्क्यांनी घटतो. मोटारीची स्वतःची युनिटे यामुळे कमी होत नाहीत, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. तसेच गरजेपेक्षा फार मोठा कपॅसिटर बसविल्यास प्रवाह दाबाच्या पुढे जाऊन पुन्हा वाढतो.

समारोप :
महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएच पद्धतीने आकारणी सुरू झाली. त्यामुळे कारखानदारास हा कोन थेट देयकात दिसतो. शेतकऱ्यास तो निराळ्या रूपाने भेटतो. एकाच वाहिनीवरील अनेक पंप कपॅसिटरविना चालले की प्रवाह वाढतो आणि शेवटच्या पंपापर्यंत दाब घटतो. कमी दाबावर भार ओढणारी मोटार अधिक प्रवाह घेते, तापते व अखेर तिचे वेटोळे जळते. अशा वेळी दोष मोटारीचा मानला जातो. वस्तुतः शेजारच्या विहिरीवरील कपॅसिटर हाही आपल्या मोटारीचा रक्षक असतो, हाच फेजर आकृतीचा व्यावहारिक अर्थ होय.