साडेपंधरा सेंटिमीटरची ‘सिटी ऑफ बॉम्बे’

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या वायुदलात मुंबईच्या नावाची एक लढाऊ तुकडी होती, हे मुंबईकरांना फारसं ठाऊक नसतं. १९४० साली ब्रिटनभर आणि साम्राज्यातल्या गावागावांत स्पिटफायर या लढाऊ विमानासाठी ‘स्पिटफायर फंड’ निघाले. एका विमानाची किंमत ढोबळ मानाने पाच हजार पौंड धरली होती. पैसे उभे करणाऱ्यांचं नाव विमानावर रंगवायचे आणि देणगी घसघशीत असली तर अख्ख्या तुकडीला ते नाव द्यायचे. जुलै १९४१मध्ये स्कॉटलंडमधल्या पीटरहेडला उभी राहिलेली १३२वी तुकडी अशीच ‘सिटी ऑफ बॉम्बे’ झाली. तिच्या बोधचिन्हावर बिबट्या होता आणि ‘बिबट्यापासून सावध’ अशा अर्थाचं लॅटिन ब्रीदवाक्य. बोरिवली-मुलुंडच्या रहिवाशांना हे ब्रीद समजावून सांगायची गरज नाही.

ही तुकडी १९४४मध्ये नॉर्मंडीच्या लढाईत उतरली. त्या वर्षी तिचं नेतृत्व केलं जेफ्री पेज यांनी. ऑगस्ट १९४०मध्ये त्यांचं हरिकेन विमान पेटलं आणि चेहरा व हात भाजून निघाले. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्यावर हा माणूस पुन्हा लढाऊ विमान उडवायला परतला. १९४५च्या सुरुवातीला तुकडी आपल्या बाजूला, दक्षिण आशियात आली, युद्ध संपताना हाँगकाँगला गेली आणि १९४६मध्ये मोडीत निघाली.

पनवेलजवळच्या पळस्प्यातल्या एखाद्या घरात टेबलावर स्पिटफायरचं मॉडेल जोडायला बसणाऱ्याने हीच तुकडी का निवडू नये? बाजारात मिळतो तो फक्त प्लास्टिकच्या सुट्या भागांचा खोका. तो कुणाचं विमान होणार, हे जोडणाराच ठरवतो.

छोट्या मॉडेलसाठी सर्वांत रुळलेलं प्रमाण १/७२. ते असं विचित्र का, तर एक इंच बरोबर सहा फूट, म्हणजे सहा फुटी वैमानिक एक इंचाचा. स्पिटफायरच्या पंखांचा पसारा ११.२३ मीटर, तेव्हा १/७२मध्ये तो साडेपंधरा सेंटिमीटरच्या आसपास येतो. १/४८मध्ये साडेतेवीस आणि १/३२मध्ये पस्तीस. पस्तीस सेंटिमीटरचं विमान दिमाखदार दिसतं खरं, पण ठेवायचं कुठे हा प्रश्न वन बीएचकेमध्ये लवकर उभा राहतो.

इंग्लंडच्या ‘एअरफिक्स’ कंपनीने पहिलं विमान काढलं ते १९५३ साली, आणि तेही स्पिटफायरच. त्यावरच्या अक्षरांवरून शौकीन त्याला ‘बीटीके’ म्हणतात आणि त्याच्या बेढब आकाराची अजून थट्टा करतात. त्यानंतर साचे इतके सुधारले की चेक कंपनी ‘एडुआर्ड’च्या १/४८ स्पिटफायरवर पत्र्याचे रिव्हेटसुद्धा दिसतात. जपानच्या ‘तामिया’चं १/३२मधलं २००९चं मॉडेल तर इंजिनावरची झाकणं काढून आतलं यंत्र दाखवतं.

खोका उघडला की एका चौकटीला लोंबकळणारे भाग दिसतात. नवखा माणूस ते हाताने पिळून तोडतो आणि भागाचा लचका निघतो. बारीक कटरने थोडं अंतर राखून तोडायचं आणि उरलेला खुंट पॉलिश पेपरने घासायचा, हा पहिला धडा. बांधणी सुरू होते आतून, वैमानिकाच्या बैठकीपासून. आतल्या भिंती राखट हिरव्या. बैठक मात्र बहुधा लालसर तपकिरी, कारण ती धातूची नसून राळ आणि कागदाच्या थरांची होती. नखाएवढ्या त्या खुर्चीवर पट्टे रंगवताना श्वास रोखला जातो. पुढे काच बसली की यातलं अर्धंअधिक दिसणारही नसतं, तरी सगळे ते करतात.

मग धडाचे दोन अर्धे जोडायचे. मॉडेलचा सिमेंट फेविकॉलसारखा चिकटवत नाही. तो प्लास्टिक विरघळवून दोन्ही कडा एकमेकींत मुरवतो. कडा दाबून धरल्या की फटीतून विरघळलेल्या प्लास्टिकची बारीक रेघ वर येते. ती पुसायची नाही, वाळू द्यायची आणि दुसऱ्या दिवशी आधी ४००, मग ८००, मग १५०० नंबरच्या पेपरने पाण्यात घासायची. सांधा दिसेनासा झाला की धड एकसंध वाटतं. पंख बसवताना मात्र घाई नडते. स्पिटफायरचे पंख टोकांकडे किंचित वर उचललेले असतात. डावा-उजवा कोन जुळला नाही, तर पुढचं कितीही सुबक काम त्याला झाकू शकत नाही.

रंगाच्या वेळी इतिहास परत येतो. नॉर्मंडीतल्या स्पिटफायरला वरून गडद हिरवा आणि करडा, खालून फिकट करडा. आपल्याच तोफांनी ती पाडू नयेत म्हणून जून १९४४च्या पहिल्या दिवसांत पंखांवर आणि धडावर काळे-पांढरे पट्टे रंगवले गेले. जुलैपासून वरच्या अंगाचे पट्टे काढायला सुरुवात झाली. म्हणजे ‘सिटी ऑफ बॉम्बे’ करायची, तर कोणत्या महिन्याची ते आधी ठरवावं लागतं. मूळ पट्टे रातोरात ब्रशने फासलेले होते, तेव्हा मॉडेलवरचे पट्टे पट्टीने आखल्यासारखे निघाले तर जाणकार नाक मुरडतात. तुकडीची ‘एफएफ’ अक्षरं खोक्यात नसतीलच, तर सुट्या अक्षरांचे डीकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायचे छापील ठसे, वेगळे मागवून जुळवायचे. १९४५ची आशियातली विमानं करायची असतील, तर ब्रिटिश वायुदलाच्या गोल चिन्हातला लाल ठिपका गाळायचा. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून तो इकडे काढला होता.

पळस्प्यात या कामाचे दोन शत्रू आहेत. पहिला धूळ. फाट्यावरून पुण्याची, गोव्याची आणि उरणच्या बंदराची वाहतूक अहोरात्र चालते आणि ओल्या रंगावर बसलेला एक कणही उन्हात उठून दिसतो. रंग दिल्याबरोबर मॉडेलवर प्लास्टिकचा डबा पालथा घालणे, हा साधा उपाय. दुसरा शत्रू पावसाळा. दमट हवेत लॅकर फवारला तर त्यावर दुधी साय धरते. पाण्यातले ॲक्रिलिक रंग असा दगा देत नाहीत, फक्त वाळायला वेळ घेतात. आणि एक इशारा: चूक पुसायला घरातलं नेलपेंट रिमूव्हर घेऊ नये. त्यात ॲसिटोन असेल, तर रंगाबरोबर पंखही विरघळतो.

खरी विमानं जवळून पाहिल्याशिवाय हात बसत नाही. स्पिटफायरसाठी दिल्लीतल्या पालमचं वायुसेना संग्रहालय गाठावं लागेल. पण वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एचएएलचं ‘मारुत’ उभं आहे. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या देखरेखीखाली बनलेलं हे लढाऊ जेट जून १९६१मध्ये पहिल्यांदा उडालं. पत्र्यांचे सांधे, चाकांच्या खोबणी, ऊन-पावसाने फिकटलेला रंग यांचे फोटो काढून आणले, तर कुठल्याही मॉडेलला उपयोगी पडतात.

सुरुवात करायची असेल, तर १/७२चं स्वस्त मॉडेल घ्यावं, कंप्रेसर-एअरब्रशचा खर्च पुढे ढकलावा आणि चांगल्या दोन ब्रशांवर भागवावं. जोडकाम पावसाळ्यात उरकलं तरी चालेल, रंग दिवाळीनंतर कोरड्या हवेत द्यावा.