गोंडस चित्र, कठोर परीक्षा

‘रेमॅन’ या व्हिडिओ गेमच्या नायकाला दंड नाहीत, पाय नाहीत, मानही नाही. पंजे, पावले आणि डोके मात्र आपापल्या जागी तरंगत असतात! फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने १९९५ साली हा खेळ बाजारात आणला. मिशेल आन्सेल हा त्याचा जनक. अवयवांची हालचाल दाखवणे त्या काळी जिकिरीचे, म्हणून ते वगळले. आणि अडचणीतूनच हे लोभस ध्यान जन्मास आले.

खेळणाऱ्यांत मात्र दोन तट आहेत. एक पक्ष म्हणतो, असे रंगीत रान, असा वाद्यांचा मुलूख पुन्हा पाहायला मिळणे नाही. दुसरा कपाळाला हात लावतो : चित्र बालवाडीचे आणि परीक्षा मॅट्रिकची! उडी जरा चुकली की जीव गेलाच. आणि जीव तर मोजकेच.

दोघांचेही खरे आहे. तथापि कठीणपणा हा काही दोष नव्हे. विटीदांडू तरी पहिल्या दिवशी कुणाला येतो? खरी तक्रार निराळी आहे. प्रत्येक टप्प्यात सहा पिंजरे फोडून आतले चिमुकले जीव सोडवायचे. एक जरी राहिला तरी शेवटच्या मिठाईच्या वाड्यात प्रवेश नाही. आणि यांतले काही पिंजरे ठरावीक जागी पाऊल पडेपर्यंत दिसतच नाहीत! चुकलेल्या उडीतून मूल शिकते. न दिसणाऱ्या पिंजऱ्यातून काय शिकणार?

तेव्हा मुलांना हा खेळ जरूर द्यावा, पण जवळ बसावे. उडी त्यांची त्यांना मारू द्यावी. पिंजरा मात्र खुशाल दाखवावा.