विमान कंपन्या एक झाल्या. जुन्या व्हाउचरचे काय?

कापडाच्या धंद्यात 'स्कीम' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सीझनच्या आधी कंपनीचा माणूस दुकानात येतो, चहा घेतो आणि सांगतो की इतके तागे उचलले तर इतका वटाव, त्याहून जास्त उचलले तर घड्याळ, आणि त्याहूनही जास्त उचलले तर परदेशाची सहल. आम्ही या स्कीमांवरच धंद्यात मोठे झालो. पण स्कीम देणारी कंपनीच उद्या दुसऱ्या कंपनीत विलीन झाली तर आपल्या हातातल्या कागदाचे काय, हा प्रश्न आम्हाला कापडाने नव्हे, विमानाने शिकवला. आमच्या व्यापारी बांधवांपैकी बरेच जण आता खरेदीसाठी, डीलरांच्या सहलीसाठी किंवा उमऱ्यासाठी विमानाने जातात, म्हणून हा अनुभव इथे मांडत आहोत.

आमचे दुकान वडनेर भोलजीला, मलकापूर-नांदुऱ्याच्या हमरस्त्यावर. विमान धरायचे तर नागपूर, औरंगाबाद किंवा थेट मुंबई गाठावी लागते. तरीही दिल्ली आणि कलकत्त्याच्या खरेदीसाठी वर्षातून सात-आठ फेऱ्या होत होत्या. मुलाने एका विमान कंपनीचे सभासद कार्ड काढून दिले. फेऱ्या त्याच कंपनीने करत गेलो, कार्डाचा रंग बदलला आणि काही महिन्यांच्या अंतराने दोन व्हाउचर मिळाले. साधे तिकीट काढायचे आणि हे व्हाउचर लावून एका वेळेपुरते वरच्या वर्गात बसायचे, असा त्यांचा अर्थ.

आता हे व्हाउचर कुणाचे? तिकिटे पेढीच्या पैशाने काढलेली आणि पेढीत आम्ही तिघे भाऊ भागीदार. पण कार्ड आमच्या एकट्याच्या नावावर. धाकट्याने हा सवाल काढला तेव्हा आम्हाला राग आला, पण बोलणे हिसाबाचे होते. शेवटी तिघांनी ठरवले की अम्मीला उमऱ्याला न्यायचे आहे, तिचे गुडघे धरतात, तेव्हा एक व्हाउचर जाताना आणि एक येताना तिच्यासाठी. भांडण मिटले. व्हाउचरचे छापील कागद खतावणीच्या पिशवीत ठेवले आणि आम्ही निश्चिंत झालो. त्यानंतर ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

आपल्या देशात हे नवे नाही

विमान कंपन्यांचे एकत्रीकरण ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. १९५३ साली सरकारने विमान वाहतूक ताब्यात घेतली तेव्हा आठ खाजगी कंपन्या मिळून देशांतर्गत वाहतुकीची इंडियन एअरलाइन्स झाली. २००७ साली तीच इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया यांचे विलीनीकरण झाले. त्याच साली जेट एअरवेजने एअर सहारा १,४५० कोटी रुपयांना घेतली आणि तिचे नाव जेटलाइट ठेवले. किंगफिशरने स्वस्त तिकिटांची एअर डेक्कन घेतली आणि २००८ साली तिचेही नाव बदलले.

सर्वात मोठे ताजे उदाहरण टाटांचे. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया सरकारकडून टाटांकडे परत आली. टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांची विस्तारा ही कंपनी जानेवारी २०१५ पासून उडत होती. ११ नोव्हेंबर २०२४ हा तिचा शेवटचा दिवस ठरला, आणि १२ नोव्हेंबरपासून तिची विमाने एअर इंडियाच्या नावाने उडू लागली. सिंगापूर एअरलाइन्सकडे एकत्रित कंपनीचा २५.१ टक्के हिस्सा आला. त्याआधी १ ऑक्टोबर २०२४ रोजी पूर्वीची एअरएशिया इंडिया एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये मिसळली होती.

विस्ताराच्या सभासदांचे क्लब विस्तारा आणि एअर इंडियाचे फ्लाइंग रिटर्न्स हे दोन कार्यक्रम एक होऊन महाराजा क्लब झाला. जुना एक पॉइंट म्हणजे नवा एक पॉइंट, असा सरळ हिसाब ठेवला गेला.

पण प्रत्येक वेळी असे होत नाही. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली ती परत उडालीच नाहीत. ज्यांच्या खात्यात तिचे पॉइंट होते त्यांनी ते लावायचे कुठे? उलट जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली, पण तिचा सभासद कार्यक्रम वेगळ्या कंपनीच्या हाती असल्याने तो टिकला आणि पुढे इंटरमाइल्स या नावाने चालू राहिला. म्हणजे आपला कागद कुणाच्या सहीचा आहे, विमान कंपनीच्या की तिच्या सभासद कार्यक्रमाच्या, हे बघणे किती जरुरीचे आहे ते लक्षात यावे.

पॉइंट वेगळे, व्हाउचर वेगळे

पॉइंट म्हणजे मोजता येणारी वस्तू. मीटरचे वार करता येतात तसे एका कंपनीचे पॉइंट दुसऱ्या कंपनीच्या मापात बसवता येतात. व्हाउचर तसे नाही. ते एका ठराविक सेवेचे वचन असते: अमुक कंपनीच्या विमानात, अमुक वर्गातून अमुक वर्गात, अमुक तारखेपर्यंत. त्या नावाची कंपनी राहिली नाही, वर्गांची रचना बदलली किंवा त्या मार्गावर दुसरे विमान आले, की वचन पुरे कसे करायचे ते नवी कंपनी आपल्या अटींत ठरवते. म्हणून 'पॉइंट तर आले, व्हाउचरही येतीलच' असे धरून चालू नये. आम्ही नेमके तेच धरले होते.

आमचे कुठे चुकले

पहिली चूक पत्त्याची. कार्ड काढताना जो ईमेल दिला तो आमच्या जुन्या मुनिमाने उघडलेला होता, आणि तो काम सोडून गेला होता. नवे खाते जोडून घ्या, अमुक तारखेच्या आत करा, असे निरोप त्या पत्त्यावर येत राहिले आणि आमच्यापर्यंत एकही पोहोचला नाही.

दुसरी चूक नावाची. जुन्या खात्यात 'शेख' आडनावाच्या जागी होते, पासपोर्टवर ते पहिल्यांदा आहे. 'मोहम्मद'चे स्पेलिंग एका ठिकाणी पूर्ण, दुसऱ्या ठिकाणी तुटक. आपल्या लोकांत ही अडचण घरोघरी आहे. यंत्राला माणूस कळत नाही, अक्षरे कळतात. दोन खाती एकाच माणसाची आहेत हे पटवून देण्यात तीन आठवडे गेले.

तिसरी चूक तारखेची. व्हाउचरवर जी शेवटची तारीख होती, तिच्या आत तिकीट काढले की झाले, अशी आमची समजूत. अट अशी होती की प्रवासच त्या तारखेच्या आत झाला पाहिजे. त्यामुळे एक व्हाउचर हातातल्या हातात बाद झाले.

चौथी आणि सर्वात महागाची चूक तिकिटाची. अम्मीचे तिकीट उमऱ्याच्या एजंटाने ग्रुपमध्ये काढले होते. ग्रुपचे भाडे कमी असते आणि अशा भाड्यावर वर्ग वाढवून मिळत नाही. ज्या भाड्यावर मिळतो ते तिकीट काढायचे तर फरक इतका होता की सोबत जाणाऱ्या धाकट्या भावाचे अर्धे तिकीट निघाले असते.

अम्मी साध्या खुर्चीवर गेली आणि साध्या खुर्चीवर परत आली. विमानतळावर चाकाची खुर्ची मागितली होती तेवढी मिळाली. तिने तक्रार केली नाही. एवढेच विचारले, "पैसे तर वाया नाही गेले ना?" आम्ही चटकन नाही म्हणालो. रात्री वही घेऊन बसलो तेव्हा कळले की गेले होते. त्या एका कंपनीला धरून राहायचे म्हणून दर फेरीला आम्ही दुसऱ्या कंपनीपेक्षा चार-पाचशे रुपये जास्त मोजत होतो. म्हणजे व्हाउचर फुकट नव्हते. स्कीमचे घड्याळ ताग्याच्या भावात असते हे आम्ही गिऱ्हाइकाला तीस वर्षे सांगत आलो, आणि स्वतः विसरलो.

दुसरे व्हाउचर मात्र मुदतीत होते. जुन्या खात्याचे उतारे पाठवल्यावर ते नव्या खात्यात दिसू लागले. पुढे एका लग्नाहून परतताना दिल्ली-नागपूर प्रवासात ते अम्मीसाठी लागले. दीड-पावणेदोन तासांची मोठी खुर्ची. जिथे सात पुरेत तिथे अंगरखा शिवावा आणि जिथे अंगरखा हवा तिथे चिंधी उरावी, तसे झाले.

व्यापारी बांधवांनी काय करावे

विलीनीकरणाची नुसती बातमी आली तरी त्याच दिवशी जुन्या खात्याची सर्व पाने छापून ठेवावीत: सभासद क्रमांक, पॉइंट, प्रत्येक व्हाउचरचा क्रमांक आणि मुदत. जुने संकेतस्थळ बंद झाल्यावर पुरावा मिळत नाही. स्टॉक मोजल्याशिवाय आपण गोदाम दुसऱ्याच्या ताब्यात देत नाही, तसेच हे.

नाव, जन्मतारीख, मोबाईल आणि ईमेल पासपोर्टप्रमाणे करून घ्यावे. खाते मुनिमाच्या किंवा एजंटाच्या ईमेलवर कधीही उघडू नये.

मुदत म्हणजे तिकीट काढण्याची की प्रवासाची, हे लेखी विचारावे. फोनवरचे उत्तर विसरले जाते.

आधी व्हाउचर, मग तिकीट. ज्या विमानात जायचे त्यात वरच्या वर्गाची जागा व्हाउचरसाठी खुली आहे काय, आणि कोणते भाडे घेतले तर ते लागेल, हे विचारूनच पैसे भरावेत. तिकिटावर भाड्याच्या वर्गाचे एक इंग्रजी अक्षर असते, सारा खेळ त्या अक्षराचा आहे.

विमान कोण चालवते ते पाहावे. तिकीट एका कंपनीचे आणि विमान भागीदार कंपनीचे असेल तर व्हाउचर बहुतेक वेळा चालत नाही.

व्हाउचर विकू नये आणि विकत घेऊ नये. बहुतेक कार्यक्रमांत याला मनाई असते आणि खाते बंद होऊ शकते. 'तुमचे पॉइंट नव्या कंपनीत वळवून देतो' असे सांगून कुणी ओटीपी मागितला तर देऊ नये. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

भागीदारीच्या पेढीत अशा सवलतींचे काय करायचे ते आधीच ठरवून वहीत लिहावे. रक्कम छोटी असते, मनातली अढी मोठी होते.

दाद कुठे मागावी

प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवावे. नंतर सरकारचे एअरसेवा हे संकेतस्थळ आहे, ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानेही काम झाले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगाकडे जाता येते. तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, म्हणजे आमच्यासारख्याला मुंबई-दिल्ली नव्हे, बुलढाणा पुरे. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते.

एक गोष्ट व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. निव्वळ व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेसाठी हा कायदा ग्राहक मानत नाही. मात्र स्वतःच्या मेहनतीने पोट भरण्यासाठी चालवलेल्या धंद्याला त्यात सूट आहे. म्हणून तक्रार लिहिताना प्रवास कशासाठी होता ते खरे आणि स्पष्ट लिहावे.

तसेच डीलरांच्या सहलींबाबत. १ जुलै २०२२ पासून आयकराच्या १९४ आर या कलमाने वर्षाला २०,००० रुपयांवरच्या अशा लाभावर १० टक्के कर कापण्याचा नियम आला. सहल फुकटची म्हणून आपण वहीत लिहीत नाही, पण देणाऱ्या कंपनीने ती लिहिलेली असते. हिसाबनिसाकडून ते पाहून घ्यावे.

यंदा कलकत्त्याच्या फेरीसाठी तीन कंपन्यांचे भाव विचारले आणि जी स्वस्त व वेळेची होती तिचे तिकीट काढले. वाचलेले पाचशे रुपये अम्मीच्या नावाने वहीत वेगळे लिहिले. अशा फेऱ्या होत राहिल्या की पुढच्या वेळी तिची मोठी खुर्ची रोख पैशाने घ्यायची, असे तिघांनी ठरवले आहे.