अहवाल हाती आल्यावर

एम.आर.आय. तपासणीचा अहवाल हे मूलतः एका डॉक्टरांनी दुसऱ्या डॉक्टरांना लिहिलेले पत्र असते, आणि ज्याच्या देहाविषयी ते लिहिलेले असते तो रुग्ण त्या पत्राचा वाचक असेल, अशी कल्पना ते लिहिणाऱ्याच्या मनात सहसा नसते. आपल्याकडील व्यवहार मात्र निराळ्या क्रमाने चालतो. तपासणीचे पैसे रुग्ण भरतो, फिल्मांचा तो भला मोठा लिफाफा सेंटरच्या खिडकीवर त्याच्याच हाती पडतो, अहवालाची प्रत पुष्कळदा त्याच दिवशी त्याच्या मोबाईलवर येऊन पोहोचते, आणि ज्या डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली त्यांची वेळ मात्र दोन-तीन दिवसांनंतरची मिळालेली असते. मधल्या काळात घरात जो कोणी इंग्रजी जाणणारा असेल, मग तो कॉलेजात जाणारा मुलगा असो वा बँकेत नोकरी करणारा जावई असो, त्याच्यावर तो कागद वाचण्याची जबाबदारी येते. डिजनरेशन, डेसिकेशन, बल्ज, इंडेंटेशन, कॉम्प्रेशन अशी एकाहून एक भयकारक वाटणारी पदे तो अडखळत उच्चारतो; शेजारपाजारचे लोक त्यांतून ‘मणक्यात गॅप आली’, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ असा आपापला अर्थ काढतात; आणि ज्या गृहस्थाची कंबर महिनाभर दुखत असूनही जो काल मंडईतून भाजीची पिशवी घेऊन चालत घरी आला होता, तो आज पलंगावरून पाय खाली टेकण्यासही धजत नाही. त्याच्या कण्यात या एका रात्रीत काहीएक बदल झालेला नसतो. बदल झालेला असतो तो त्याच्या मनात, आणि त्या बदलाची जबाबदारी आपल्या वैद्यकीय व्यवस्थेने घेतली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

हा अहवाल म्हणजे काय हे समजण्यासाठी आपल्या परिचयातील पंचनाम्याचे उदाहरण घेता येईल. घटनास्थळी जाऊन जे दिसले ते जसेच्या तसे नोंदविणे एवढेच पंचनाम्याचे काम. कोण दोषी, कोण निर्दोष, हे त्यात लिहिलेले नसते, कारण त्यासाठी साक्षी व्हाव्या लागतात, जबाब तपासावे लागतात, आणि मगच निकाल दिला जातो. चित्र वाचणारे रेडिओलॉजिस्ट याच अर्थाने पंच होत. त्यांनी बहुधा रुग्णाला हात लावून तपासलेले नसते. त्यांच्यासमोर असतात ती शेकडो करडी चित्रे आणि कित्येकदा ‘कंबरदुखी’ एवढाच मजकूर असलेली डॉक्टरांची चिठ्ठी. म्हणून अहवालाच्या शेवटी ‘क्लिनिकल कोरिलेशन’ची शिफारस केलेली आढळते. रुग्णाची तक्रार आणि प्रत्यक्ष तपासणी यांच्याशी हे निष्कर्ष ताडून पाहावेत, असा तिचा अभिप्राय असतो, आणि माझ्या मते रुग्णाने संपूर्ण कागदात सर्वांत लक्षपूर्वक वाचावी अशी ओळ तीच होय.

चित्रात काय दिसते आणि काय दिसत नाही, याचा उलगडा यंत्राच्या रचनेतूनच होतो. आपल्या देहात पाणी आणि चरबी विपुल आहे, आणि या दोहोंत हायड्रोजनचे अणू अगणित आहेत. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30,000 पट प्रबळ अशा, म्हणजे 1.5 टेस्ला शक्तीच्या चुंबकात देह ठेवला की त्या अणूंच्या केंद्रकांपैकी काही अल्पांश एका दिशेला कल घेतात; विशिष्ट रेडिओलहरींनी त्यांना विचलित केले की पूर्वस्थितीला परतताना ती क्षीण संकेत देतात; आणि प्रत्येक ऊतीतील केंद्रकांना परतण्यास लागणारा काळ भिन्न असल्यामुळे त्या संकेतांच्या गणितातून संगणक चित्र उभे करतो. क्ष-किरणांचा या तपासणीत संबंधच येत नाही. या संकेतांपासून चित्र काढण्याची रीत पॉल लॉटरबर यांनी 1973 साली प्रसिद्ध केली, पीटर मॅन्सफील्ड यांनी तिला गणिताची व वेगाची जोड दिली, आणि 2003 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्या दोघांना मिळाले. त्याआधी 1977 च्या जुलैमध्ये रेमंड डमाडियन यांनी न्यूयॉर्कमध्ये जिवंत माणसाच्या छातीचे पहिले चित्र घेतले तेव्हा त्याला जवळजवळ पाच तास लागले होते. आज तेच काम बहुधा वीस ते चाळीस मिनिटांत होते. ही प्रगती विस्मयकारक आहे यात संशय नाही. तथापि इतक्या सूक्ष्म यंत्रालाही वेदना दिसत नाही. त्याला कळते ते पाणी कोठे अधिक आहे, कोठे कमी आहे, आणि आकार कोठे बदलला आहे, एवढेच. अहवालातील ‘हायपरइंटेन्स’ याचा अर्थ त्या जागेचा संकेत चित्रात अधिक उजळ आला इतकाच असतो, आणि ‘डेसिकेशन’ म्हणजे मणक्यांमधील चकतीतील पाण्याचा अंश घटल्यामुळे ती काळसर दिसली.

आता ज्या लोकांना काहीही दुखत नाही त्यांची चित्रे काढली तर काय दिसेल? हा प्रश्न अमेरिकेतील संशोधकांनी विचारला, आणि 1994 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या 98 जणांपैकी 52 टक्क्यांच्या कण्यात निदान एका ठिकाणी तरी चकती फुगलेली आढळली. सर्व चकत्या निर्दोष असलेले लोक केवळ 36 टक्के निघाले. पुढे 2015 साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला, ज्यात वेदनारहित अशा 3,110 व्यक्तींची चित्रे विचारात घेतली होती. चकतीची झीज विशीतल्या 37 टक्के, पन्नाशीतल्या 80 टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या 96 टक्के लोकांत दिसली; फुगवटा विशीत 30 टक्के, तर पन्नाशीत 60 टक्के. हे सारे लोक चालत होते, उठत-बसत होते, ओझी उचलीत होते. तेव्हा पन्नाशीच्या माणसाच्या अहवालात ‘डिजनरेटिव्ह चेंजेस’ लिहून आले, तर त्याच्या वयाच्या बहुसंख्य निरोगी लोकांच्या अहवालात जे आले असते तेच आले, असे समजण्यास प्रत्यवाय नाही. वेदना नाहीच, असा याचा अर्थ कोणी काढू नये. वेदना खरी असते. तिचे मूळ कागदावरील त्याच ओळीत आहे, हे मात्र सिद्ध झालेले नसते.

याहून विचार करायला लावणारा प्रयोग आपल्या देशातच झाला. कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. एस. राजशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या, पण शस्त्रक्रियेची आवश्यकता नसलेल्या 44 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला अहवालातील सर्व निष्कर्ष जसेच्या तसे समजावून सांगितले. दुसऱ्या गटाला, तुमचा एम.आर.आय. सामान्य आहे, जे दिसते ते वयोमानानुसार व प्रासंगिक आहे, असा धीर दिला. सहा आठवड्यांनंतर पहिल्या गटाची आपल्या कण्याविषयीची धारणा अधिक निराशाजनक झालेली होती, आणि त्यांची वेदना व हालचालींची क्षमता यांतही दुसऱ्या गटाच्या तुलनेने फरक पडला होता. 2021 साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास लहान आहे. परंतु रुग्णाशी बोललेला शब्द हाही औषधासारखा परिणाम करतो, ही गोष्ट त्याने मोजून दाखविली. यावरून रुग्णापासून सत्य दडवावे असा बोध घेणाऱ्यांशी मी सहमत नाही. निष्कर्ष सांगावा आणि त्याच श्वासात त्याचे वजनही सांगावे, हीच खरी रीत होय.

पंच बदलला की पंचनामाही थोडाफार बदलतो, हेही रुग्णाने जाणून असावे. अमेरिकेत 63 वर्षांच्या एका बाईची तीन आठवड्यांच्या आत दहा निरनिराळ्या सेंटरांवर कण्याची तपासणी करण्यात आली. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार दहा अहवालांत मिळून 49 वेगवेगळे निष्कर्ष नोंदविले गेले, आणि त्यांतील एकही निष्कर्ष दहाही अहवालांत आला नाही. म्हणूनच शस्त्रक्रियेसारखा मोठा निर्णय एकट्या कागदाच्या आधारे होऊ नये, आणि शल्यचिकित्सक फिल्म स्वतः पाहू इच्छितात ते त्यामुळेच.

मेंदू आणि गुडघा यांची कथा फारशी निराळी नाही. रॉटरडॅम येथे सामान्य जनतेतील 2,000 मध्यमवयीन व वृद्ध लोकांच्या मेंदूंची चित्रे घेतली तेव्हा 7.2 टक्के लोकांत, त्यांच्या गावीही नसलेले, जुन्या सूक्ष्म पक्षाघाताचे व्रण आढळले. गुडघ्यातील मेनिस्कस नावाची कूर्चा फाटलेली असूनही मागील महिन्यात यत्किंचितही त्रास न झालेले लोक अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, फाटलेल्यांपैकी 61 टक्के होते.

मात्र या साऱ्यावरून अहवाल दुर्लक्षिण्याजोगा असतो असा समज कोणी करून घेईल, तर तो घातक ठरेल. लघवी अडणे किंवा तिच्यावरील ताबा सुटणे, मांड्यांच्या आतील व गुदद्वाराभोवतीच्या भागाला बधिरता येणे, पायातील शक्ती झपाट्याने जाणे, कंबरदुखीबरोबर ताप किंवा अकारण वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर पुढच्या आठवड्याच्या भेटीची वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. आपल्या देशात क्षयरोग मणक्यातही होतो, आणि तो वेळेवर ओळखला तर औषधांनी बरा होतो. तो ओळखण्याच्या कामी हीच तपासणी फार मोलाची आहे.

कागद रुग्णाच्या हाती आधी पडू नये, असा उपाय काही डॉक्टर सुचवितात. त्यांचा हेतू दयेचा असला तरी तो उपाय मला मान्य नाही. अमेरिकेत 5 एप्रिल 2021 पासून अमलात आलेल्या नियमांमुळे तपासणीचे निकाल तयार होताच रुग्णाला पाहता येऊ लागले. त्यानंतर तेथील 8,000 हून अधिक लोकांना विचारले असता सुमारे 96 टक्के लोकांनी, डॉक्टरांनी पाहण्यापूर्वीही आपल्याला निकाल मिळावा, असेच सांगितले, आणि ज्यांचे निकाल असामान्य होते त्यांची चिंता वाढली होती तरीही त्यांचे मत फारसे बदलले नाही. आपल्याकडेही 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार रुग्णाने मागितल्यास त्याचे दप्तर 72 तासांच्या आत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हक्क तर आहे. उणीव आहे ती अर्थ सांगणाऱ्याची. ‘या वयात अमुक टक्के निरोगी लोकांत असे दिसते’ असा मजकूर अहवालात छापून पाहण्याचा प्रयोग अमेरिकेत सुमारे अडीच लाख रुग्णांवर झाला. त्याने अफूजन्य औषधांचा वापर किंचित घटला, परंतु कण्यावरील एकूण उपचार काही कमी झाले नाहीत. छापील ओळ माणसाच्या बोलण्याची जागा घेऊ शकत नाही, असेच यावरून मला वाटते, आणि म्हणून प्रत्येक सेंटरने अहवालाखाली सुबोध मराठीत चार ओळी तर लिहाव्यातच, शिवाय डॉक्टरांनीही रुग्णाला समोर बसवून चित्रातले काय त्याच्या दुखण्याशी जुळते आणि काय जुळत नाही, हे त्याच्या भाषेत सांगावे.

वाचकांना माझी विनंती एवढीच की, अहवाल हाती आला म्हणजे प्रथम शेवटचा ‘इम्प्रेशन’ हा भाग पाहावा, मधल्या सुट्या शब्दांचा शोध मोबाईलवर घेत रात्र काढू नये, आणि भेटीला जाताना दुखणे केव्हा सुरू झाले, कशाने वाढते, कोठवर जाते, हे कागदावर लिहून न्यावे. या चित्रातील कोणती गोष्ट माझ्या त्रासाशी जुळते, ती नसती तर आपण उपचार बदलला असता का, आणि काय झाले तर मी तातडीने यावे, हे प्रश्न डॉक्टरांना निःसंकोच विचारावेत. आणि जुने अहवाल व फिल्मा टाकून देऊ नयेत. पुढच्या चित्रातील बदल नवा की जुना हे ठरविण्यास तुलनेसाठी त्यांचाच उपयोग होतो.